सासऱ्यांना फिरायला कसं न्यायचं? आधी ते थांबले कुठे ते बघू

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या ताई कागल तालुक्यातल्या एका गावात राहतात. सासरे 66 वर्षांचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, शांतिसेनेत श्रीलंकेला जाऊन आलेले. त्यानंतर साठीपर्यंत साखर कारखान्यावर वॉचमन. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी सांगितला, म्हणजे जिवावरच्या प्रसंगांनंतर मागे राहणारा मनाच्या आघाताचा आजार, गोळ्या चालू आहेत. बीपी आहे, शुगर आहे, गुडघे दुखतात. दिवसभर सोप्यात एकाच खुर्चीवर भिंतीला पाठ लावून बसतात, रात्री उठून कड्या तपासतात. पूर्वी सकाळचं दूध डेअरीवर घालायला तेच जायचे, आता तेही बंद. मिस्टर पुण्याला नोकरीला. ताईंचं विचारणं असं: व्यायाम कोणता लावावा, घरात ट्रेडमिल आणावी का, आणि सुनेनं सांगितलेलं ते ऐकतील का.

ताई, मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी तर नावानंच फौजेचं, पण कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कुठंही जा, फौजेत कुणीच नाही असं गाव सापडणं अवघड. त्यामुळे माजी सैनिक माझ्याकडे कायम असतात. ते येतात गुडघा, कंबर, मान घेऊन. ‘मला पीटीएसडी आहे’ असं सांगत कुणी आत येत नाही. ते नंतर कळतं, फाइल चाळताना किंवा बाहेर बसलेल्या बायकोकडून. मनाचे उपचार माझ्या कामात येत नाहीत. ते तुमचे डॉक्टर बघताहेत आणि त्यांच्याकडेच राहू द्या. मी बोलणार आहे ती शरीराबद्दल आणि रोजच्या हालचालीबद्दल.

तुम्ही विचारलाय व्यायाम, पण तुमचं वर्णन वाचून मला दिसतं ते असं की वर्ष-दीड वर्षात या माणसाचा वावर आखडत आखडत एका खुर्चीपर्यंत आलाय. डेअरी सुटली, पारावर बसणं सुटलं, महिन्याला फौजी कॅन्टीनला कोल्हापूरला जायचे ते सुटलं. हा वावर परत कसा वाढवायचा, तिथून सुरुवात करू. व्यायाम त्यात येईल, पण त्याच्या जागी येईल.

आणि तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय, माझी नजर त्यावरच अडकली. ‘पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खणला तेव्हापासून ते डेअरीवर जात नाहीत, चिखल असतो म्हणतात.’ चिखलच असेल, मी तुमचं गाव बघितलेलं नाही. पण तुमचे सासरे श्रीलंकेला गेले होते. 1987 ते 1990 या काळात तिथं आपल्या जवानांना समोरासमोरच्या लढाईइतकीच भीती असायची ती रस्त्याची. रस्त्यात, मोरीखाली, कडेच्या मातीत सुरुंग पेरलेले असायचे. ताजी उकरलेली माती दिसली की पाऊल थांबवायचं, ही गोष्ट त्या काळात जीव वाचवणारी होती. आता 35 वर्षांनी तुमच्या दारापासून डेअरीपर्यंत रस्त्याच्या कडेला ताज्या मातीचा ढिगारा पडलाय. डोकं म्हणत असेल की ही पाणी योजना आहे, ग्रामपंचायतीचं काम आहे. शरीराला ते पटत नाही. छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, आणि माणूस म्हणतो ‘चिखल आहे’. ते खोटं बोलतात असं नाही. चिखलही आहेच की.

हे मी पैजेवर सांगत नाही. पण माझ्या अनुभवात असा माणूस घराबाहेर पडायचा थांबतो तेव्हा बहुतेक वेळा एखादी नेमकी जागा, नेमका आवाज किंवा वास असतो. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, ते तडतडतं तेव्हाचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल, आणि वर तो धूर. गळीत हंगामात माझे काही पेशंट ठरावीक आठवड्यात येतच नाहीत, आणि विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगतात. म्हणून पहिलं काम म्हणजे निरीक्षण. आठवडाभर काहीही न सुचवता फक्त बघा, ते कुठपर्यंत जातात, कुठे थांबतात, कुठल्या वेळी जास्त मोकळे असतात. वहीत लिहून ठेवा. पण श्रीलंकेत काय झालं ते मात्र विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा सांगतील, आणि कदाचित तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. ते चालतं.

आता एकदा घराबाहेरचं थांबलं की पुढं काय होतं ते बघा, कारण इथून माझं क्षेत्र सुरू होतं. बसून राहिल्यानं आधी मांड्यांचे स्नायू उतरतात. मांडीत ताकद नसली की गुडघ्यावर भार येतो, गुडघा दुखतो, मग माणूस आणखी बसतो. शुगर वाढते, वजन वाढते, दिवसभर अंग हललेलं नसतं म्हणून रात्री झोप लागत नाही. झोप नसली की सकाळी चिडचिड, आणि कुकरच्या शिट्टीनंही दचकायला होतं. त्यात हे लोक बसलेले असले तरी सैल बसलेले नसतात. खांदे वर ओढलेले, जबडा आवळलेला, कान दाराकडे. दिवसभर पहारा दिल्यासारखं शरीर थकतं आणि वरून घरचे म्हणतात, ‘बसूनच तर असतात, थकतात कशानं?’ अमेरिकेत साठीच्या आसपासच्या पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांची चालण्याची, खुर्चीतून उठण्याची क्षमता मोजली, तेव्हा ती त्यांच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा कमी भरली. म्हणजे ऐन तारुण्यात पाच किलोमीटर धावणारी माणसं म्हातारपणी इतरांच्या मागे पडतात. तुमच्या सासऱ्यांचंही तेच झालेलं दिसतं.

मग व्यायामानं पीटीएसडी बरा होतो का? व्हॉट्सॲपवर फिरतं तसं अजिबात नाही. व्यायामानं झोप, मूड, अस्वस्थता यात काही प्रमाणात फरक पडतो असं अभ्यासांत दिसलंय, पण मुख्य उपचार म्हणजे त्या आठवणींवर काम करणारं समुपदेशन आणि डॉक्टरांच्या गोळ्या. व्यायाम त्यांच्या जोडीला. उलट शरीराच्या बाबतीत मी जास्त खात्रीनं बोलू शकते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी ‘जेरोफिट’ नावाचा वयस्कांचा व्यायाम कार्यक्रम 1986 पासून चालू आहे. पुढे साठीवरच्या पीटीएसडी असलेल्या सैनिकांना 12 आठवडे देखरेखीखाली व्यायाम देऊन बघितला. अभ्यास लहान होता, पण दम आणि हालचाल सुधारली. माझ्याकडेही हेच दिसतं. आधी पाय सुधारतात, मग वावर, आणि मनाचं हळूहळू त्यांच्या मागून. काहींचं येतं, काहींचं तितकंसं येत नाही. म्हणून मी कुणालाही ‘मन शांत होईल’ असं सांगून व्यायाम देत नाही. मी सांगते, ‘काका, खुर्चीतून हात न टेकता उठता आलं पाहिजे.’ हे त्यांना लगेच पटतं.

का पटतं तेही सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. फौजेत मेडिकल कॅटेगरी असते, ‘शेप’. पाच इंग्रजी अक्षरं: पहिलं मानसिक स्थितीचं, मग ऐकणं, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. सगळं उत्तम असेल तर ‘शेप वन’. कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडतं, पोस्टिंग बदलते, बरोबरीच्यांत बोलणी होतात. म्हणून गुडघा दुखला तर जवान सांगेल एक वेळ, पण पहिल्या अक्षराबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही. शिवाय हा आजार वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत आला तोच मुळी 1980 मध्ये. ही माणसं नोकरीत होती तेव्हा आपल्याकडे याचं नाव तरी कुणाच्या कानावर होतं? ‘मला काय झालंय? धडधाकट हाय मी,’ हे वाक्य तुम्ही ऐकत असाल तर ते त्या वीस-बावीस वर्षांच्या सवयीतून येतं. त्यामुळे बोलणं गुडघ्याचं, ताकदीचं, तोलाचं ठेवा. तिथं त्यांना कमीपणा वाटत नाही.

सुरू करण्याआधी एक चक्कर डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्येच सुरुवात करा. ईसीजी, शुगर, आणि बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर अशा दोन्ही वेळा. हे दुसरं माप बऱ्याचदा घेतलं जात नाही, म्हणून तुम्ही मागून घ्या. वाईट स्वप्नांसाठी कधी कधी प्राझोसिन देतात, तीच गोळी बीपी किंवा प्रोस्टेटसाठीही असते. उभं राहिल्यावर तिनं बीपी पडू शकतं. उभं राहून तीन मिनिटांत वरचं बीपी 20 किंवा त्याहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही. झोपेसाठी क्लोनाझेपाम असेल तर सकाळी तोल जाण्याची शक्यता असते, अशा वेळी व्यायाम जरा उशिरा. बीपीसाठी नाडी मंद करणारी गोळी असेल, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, तर घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवरून जोर मोजू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की पुरे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका, एकही नाही.

शुगरचं एक वेगळं सांगते, कारण यात घरचे फसतात. शुगर अचानक उतरली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड होते. भीतीचा झटका येतो तेव्हाही अगदी हेच होतं. कशानं होतंय हे बाहेरून ओळखता येत नाही. घरात ग्लुकोमीटर असू द्या, अशा वेळी आधी बोटातून रक्त तपासा. 70च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, नंतर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. आकडा ठीक असेल तर त्यांच्या बाजूला, पण समोर दिसाल असं बसा आणि हळू बोला. सगळं ‘टेन्शन’वर टाकलं तर कधी तरी खरी शुगर चुकेल. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, एकदम दम लागणं, हे तर कुणाच्याही बाबतीत थेट दवाखाना.

कानांचीही तपासणी करा. गोळीबाराच्या आवाजानं यांच्या कानांवर परिणाम झालेला असतो आणि ते कुणाला सांगत नाहीत. कमी ऐकू येणारा माणूस जास्त दचकतो, कारण मागून येणारी मोटरसायकल अगदी जवळ आल्यावरच कळते. चारचौघांत बसायचं टाळतो ते अर्ध्या वेळा बोलणं नीट कळत नाही म्हणून. आणि घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का तेही बघा. तसं असेल तर झोपेत श्वास थांबण्याची तपासणी करून घ्या. त्यावर उपचार आहेत आणि त्यानं झोप बदलते.

आता खुर्ची. ते बसतात तीच, पण हातवाली नको, आणि मागे भिंत असू द्या, घसरणार नाही. दोन्ही हात छातीवर आडवे. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते मोजायचं. 65 ते 69 वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी जमलं तर ताकद वयाच्या मानानं कमी आणि पडण्याचा धोका जास्त. हात टेकावेच लागले तर शून्य धरायचं. हा आकडा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. मागच्या वर्षी एक निवृत्त सुभेदार आले होते. हात छातीवर घ्या म्हटल्यावर हसले, तिसऱ्या वेळी हसू गेलं आणि सातव्याला हात आपोआप खुर्चीच्या कडेला गेले. खाली बसून मला म्हणाले, ‘मॅडम, पुन्हा घ्या, आता नीट करतो.’ त्या ‘पुन्हा घ्या’वर माझं निम्मं काम होतं. फौजी माणसाला चाचणी दिली की तो नापास राहायला तयार नसतो. फक्त घरी हे घेताना समोर कुणी बघे नकोत, आणि आकड्यावरून चेष्टा अजिबात नको.

याच खुर्चीवर पहिले तीन-चार आठवडे निघतात. उठणं-बसणं, हळू, विशेषतः खाली बसताना धपकन न बसता. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. पाच-सहा वेळा, थोडं थांबून परत. मग भिंतीला हात लावून टाचा उचलणं. मग उंबऱ्याजवळ किंवा सोप्याच्या पायरीवर एक पाय वर, एक खाली. आठवड्यातून तीन दिवस एवढंच. गुडघा थोडा दुखला तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. संडास देशी असेल आणि बसून उठताना भिंत धरावी लागत असेल तर तोच त्यांचा खरा मापदंड. ‘भिंत न धरता उठता येऊ दे’ एवढं उद्दिष्ट पुरतं, माणसाला ते कळतं आणि रोज तपासताही येतं.

इथं एक अडचण येते, ती इतर म्हाताऱ्या पेशंटमध्ये फारशी नसते. व्यायामानं ठोके वाढतात, घाम येतो, श्वास जोरात होतो. या माणसांच्या शरीरात या खुणांची गाठ धोक्याशी बसलेली आहे. त्यामुळे दोन मिनिटांत चेहरा बदलतो, ‘बास झालं’ म्हणून उठून जातात. घरच्यांना वाटतं आळस. मी त्याला उतारा म्हणून जोर अगदी थोडा ठेवते आणि आधीच सांगून ठेवते: आता छाती धडधडेल, ती तुम्ही उठाबशा काढल्या म्हणून, एक मिनिटात उतरेल, घड्याळ बघा. मग दोघं मिळून घड्याळ बघतो. उतरते. पुन्हा करतो, पुन्हा उतरते. धडधड वाढूनही काही वाईट घडलं नाही, हे शरीराला बोलून पटत नाही, असं करून करूनच थोडं थोडं पटतं. कुणाला जास्तच त्रास झाला तर तो दिवस तिथं थांबवते आणि त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवते.

याच कारणानं पहिल्याच दिवशी डोळे मिटून शवासन, डोळे मिटून प्राणायाम नको. योगाला माझा विरोध नाही, पुष्कळांना तो लागू पडतो. पण सतत सावध राहणाऱ्या माणसाला अंधार करून आडवं पडायला सांगणं म्हणजे त्याचा पहारा काढून घेणं, त्यानं अस्वस्थता वाढते. डोळे उघडे, पाठीमागे भिंत, दार समोर, असं बसून सावकाश श्वास सोडू द्या. आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते तेच तुम्हालाही: मागून खांद्याला हात लावायचा नाही. समोरून जायचं, सांगायचं, मग हात लावायचा. झोपलेले असतील तर दारातून हाक मारा, हलवून उठवू नका. नातवंडांनाही हे शिकवा.

आता रस्ता. वही भरली असेल तर तुम्हाला कळलं असेल कुठल्या बाजूला ते सहज जातात. त्या बाजूनं सुरू करा. समजा गोठ्यापर्यंत जातात, तर गोठ्यापर्यंत. वेळ उजाडल्यानंतरची. ते पहाटे तीनला जागे असतात म्हणून चारला फिरायला पाठवू नका, अंधारात कुत्री, ट्रॅक्टर आणि सावल्या सगळंच जास्त होतं. सकाळचं ऊन अंगावर पडलं आणि उठायची वेळ रोज एक ठेवली तर रात्रीच्या झोपेलाही मदत होते. रस्ता सुरुवातीला रोज तोच असू दे. तोच रस्ता असला की नजर सगळीकडे भिरभिरायचं काम थोडं कमी होतं. तो अंगवळणी पडला की वीस-तीस पावलं पुढं. खणलेल्या रस्त्याकडे घाईनं नेऊ नका, आणि ‘काही नाही हो तिथं, चला’ म्हणून हाताला धरून ओढू तर अजिबात नका. ती जागा कधी आणि कशी गाठायची हे त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवा, हे त्यांच्या उपचाराचाच भाग होऊ शकतं. तोवर डेअरीला दुसऱ्या गल्लीतून जाता येत असेल तर लांबचा रस्ता चांगलाच, तेवढं चालणं जास्त.

कोल्हापुरातले लोक मला विचारतात रंकाळा तलावावर न्यावं का. संध्याकाळी तर नाहीच. भेळेच्या गाड्या, गर्दी, हॉर्न, मुलांचे फुगे फुटतात. सकाळी लवकर काहींना आवडतं, काहींना मागून धावत येणारी माणसं सहन होत नाहीत. विद्यापीठाच्या परिसरात रस्ते रुंद आणि पुढचं लांबपर्यंत दिसतं, तिथं बऱ्याच जणांचं जमतं. जागा निवडताना मी हेच बघते: लांबवर दिसतंय का, आणि वाटेल तेव्हा परत फिरता येतंय का.

सुनेनं सांगावं का? ताई, खरं सांगू, आपल्याकडे सुनेनं सासऱ्यांना ‘चला, व्यायाम करा’ म्हणणं दोघांनाही अवघड होतं. म्हणून सांगूच नका, काम द्या. ‘मामा, तेवढी किटली गोठ्यापासून आणता का, माझा हात गुंतलाय.’ पाच लिटरची भरलेली किटली धरून चालणं हा उत्तम व्यायाम आहे, तोल आणि पकड दोन्हीसाठी. वैरण टाकणं, म्हशीला पाणी दाखवणं, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं. काम रोजचं हवं, ठरलेल्या वेळेचं हवं, आणि त्यांनी नाही केलं तर अडणारं हवं. तुम्ही गुपचूप मागून करून टाकलंत तर ते काम राहत नाही, नाटक होतं, आणि ते त्यांना कळतं. एखाद्या दिवशी नाही जमलं तर ‘बरं, उद्या’ एवढंच. चाचणी आणि खुर्चीचे व्यायाम मात्र मिस्टरांनी सुट्टीला आल्यावर सुरू करून द्यावेत, किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टनं. बाहेरच्याचं ऐकतात, हा माझ्या धंद्याचा फायदाच आहे.

गावात दुसरे माजी सैनिक असतीलच. त्यांतल्या एखाद्याला फक्त एवढंच सांगा की रोज सकाळी हाक मारून जा. दोघं बरोबर चालले की पावलं आपोआप जुळतात, बोललं नाही तरी चालतं. पण त्याच मंडळींत संध्याकाळी बाटली निघत असेल तर तिथून सांभाळा. कॅन्टीनची रम झोपेसाठी म्हणून घेतली जाते. झोप लागते खरी, पण मध्यरात्री मोडते, आणि या गोळ्यांबरोबर ती धोक्याची आहे.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर: आठवडाभर निरीक्षण, मग डॉक्टरांची चक्कर, मग खुर्ची, आणि खुर्ची चालू असतानाच एखादं रोजचं काम आणि छोटा रस्ता. जागतिक आरोग्य संघटना 65 वरच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा सांगते. तो आकडा सध्या भिंतीवर लावू नका. आज शून्यावर असलेल्या माणसाला दहा मिनिटांचाही फायदा होतो.

मध्ये मध्ये गाडी मागे जाणार, हे धरून चाला. गणपतीत डॉल्बी, दिवाळीत फटाके, हंगामात पेटलेले फड. त्या दिवसांत रस्ता सोडून द्या, खुर्ची चालू ठेवा. फटाक्यांची वेळ माहीत असेल तर आधी सांगून ठेवा, अचानक येणारा आवाज जास्त त्रास देतो. पावसाळ्यात तर आपल्याकडे चार महिने बाहेरचं काही खरं नसतं. तेव्हा सोप्यात ये-जा, आणि नातवाला मोजायला बसवा. एखादा पंधरवड्याचा खंड पडला तरी सगळं वाया जात नाही, फक्त परत सुरू करताना निम्म्यावरून सुरू करा.

बोलण्यात ‘जगून काय करायचंय’ असं काही यायला लागलं, किंवा ते अचानक सगळं आवरायला, वाटून टाकायला लागले, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. घरात बारा बोअरची बंदूक असेल, आपल्याकडे माजी सैनिकांच्या घरात असते, तर ती आताच डॉक्टरांच्या कानावर घाला आणि मिस्टरांशी बोलून दुसरीकडे ठेवायची कायदेशीर सोय करा.

राहिली ट्रेडमिल. नका आणू. पट्टा पायाखालून सरकत असतो, मागून आवाज झाला आणि दचकून वळले तर पडणारच. आणि समजा वापरलीच, तरी माणूस घरातच राहिला, दाराबाहेर गेलाच नाही. त्या पैशातून न्हाणीत आणि संडासात धरायला स्टीलचे दांडे बसवा, रात्री कड्या तपासायला उठतात त्या वाटेवर एक मंद दिवा लावा, आणि मागचा पट्टा असलेली चांगल्या तळव्याची चप्पल किंवा कॅनव्हासचे बूट घ्या. बूट ते स्वतः बांधतील, ती सवय जात नाही. खुर्चीचा पहिला आकडा आला की इथंच लिहा, गोळ्यांची नावंही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.